पंचविसावं काडतूस

आमच्या घरात बंदूक होती असं सांगितलं की लोक माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात. त्यांना वाटतं, मोठं वतनदार घराणं असणार. घराणं कसलं! डिंडोलीतल्या चाळीत दोन खोल्या, वर सिमेंटचे पत्रे, दारात पाण्याचा पिंप. मागच्या खोलीत लोखंडी पलंग आणि त्याच्याखाली काळी फौजी ट्रंक. त्या ट्रंकेत दोन तुकडे करून, खाकी कापडात गुंडाळून आमची दुनळी बंदूक झोपलेली असायची. तिच्या वर आम्ही झोपायचो.

आमचे हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गावी अमळनेरकडे चार महिने बसून कंटाळले. मग सुरतेला आलो. सुताच्या एका मोठ्या गोदामावर गनमॅनची नोकरी लागली. नोकरीची अट एकच, बंदूक स्वतःची हवी आणि तिचं लायसन्स हवं. म्हणजे नोकरी ह्यांना नव्हती, बंदुकीला होती. हे तिच्याबरोबर जायचे, इतकंच. असं मी म्हटलं की ह्यांच्या कपाळावर आठी पडायची. मला ती आठी बघायला आवडायचं म्हणून मी ते वरचेवर म्हणायची.

लायसन्सचं एक पुस्तक होतं. ते आमच्या घरात पोथीच्या वर होतं. त्यात बंदुकीचा नंबर, कुठल्या जिल्ह्यात बाळगता येईल ते, आणि एका वेळी किती काडतुसं ठेवता येतील तो आकडा. आमचा आकडा पंचवीस. लायसन्स गावाकडच्या जिल्ह्याचं, नोकरी गुजरातेत, म्हणून सुरतेच्या कचेरीचा वेगळा शिक्का. त्या एका शिक्क्यासाठी ह्यांनी किती खेटे घातले, ते मला माहीत. फौजेत ज्या माणसाने मॅगझिन भरून एका दमात गोळ्या सोडणारं हत्यार हाताळलं, त्याला घरी आल्यावर सरकारने सांगितलं की तसलं काही साध्या माणसाला चालणार नाही. फौजेच्या बोअरचं, म्हणजे नळीच्या मापाचं नाही, आपोआप भरणारं नाही. दोन बार काढा, बंदूक मधोमध मोडून उघडा, पुन्हा दोन घाला. ह्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. "बराबर शे कायदा," म्हणायचे. "दोन बार भरपूर व्हतस मानूसले."

"माले ते एकच तोंड शे, तरी तुम्हले जास्ती व्हस," मी म्हणायची.

दर रविवारी सकाळी हे जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचे, बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडायचे आणि काडतुसं मांडायचे. लाल अंगाची, पितळी बुडाची. एकेक पुसायचं, मोजायचं, परत ठेवायचं. मोजताना तोंडाने कायदा चालू. फुटलेल्याचं रिकामं खोकं, म्हणजे मागे उरणारं नळकांडं, जपून ठेवायचं, कारण ते दाखवावं लागतं. न फुटलेलं तर जपायचंच. आणि दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही. पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याच्या हातात काडतूस गेलं की देणारा आणि घेणारा दोघेही आत. हे शेवटचं वाक्य मी भाकरी थापताना इतक्यांदा ऐकलं होतं की मुलींनाही पाठ झालं होतं. म्हणून मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

त्या वर्षी वैशाखात माझ्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्या माहेरी नवरदेव वेशीवर आला की पाच बार काढतात. माझ्या वडिलांच्या वेळी ठासणीची बंदूक होती, नंतर ती गेली आणि बारांऐवजी फटाके आले. मी भावाला मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं की यंदा पाच बार निघतील, तुझे मेहुणे काढतील. हे नाही म्हणाले. "लायसन्समा लगीन लिखेल नई शे," एवढंच. मी दोन दिवस तोंड शिवून भाकऱ्या थापल्या. तिसऱ्या दिवशी ह्यांनी पाच काडतुसं वेगळी काढली आणि बंदूक घेऊन आम्ही भुसावळच्या गाडीत बसलो.

गावी ह्यांनी आधी पोलीस पाटलाला विचारलं, मग वेशीजवळचं पडीक शेत निवडलं, पोराबाळांना लांब उभं केलं. चार बार निघाले. माझी मान इतकी ताठ झाली होती की विचारू नका. पाचव्याला नुसता टक् असा आवाज आला.

हे हलले नाहीत. नळी आभाळाकडे तशीच धरून एक मिनिट उभे राहिले आणि कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. ताशेवाला थांबला. मग ह्यांनी बंदूक मोडली, काडतूस काढलं, त्याच्या पितळी बुडावर पडलेला बारीक खळगा बघितला आणि ते रुमालात बांधलं. फौजेत असं झालं की काय करायचं ते ह्यांना शिकवलेलं होतं. मांडवातल्या बायकांना दुसरंच काही शिकवलेलं होतं. माझी चुलती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पाचवा बार अडकना, माय. ते घरमा ठेवू नको."

आता सांगते, त्या भाचीचा संसार उत्तम चालला आहे आणि तिचा नवरा तिच्या धाकात आहे. त्या अडकलेल्या बाराने तिचा केसही वाकडा केला नाही. पण तेव्हा माझ्या डोक्यात चुलतीचं वाक्य घुसलं ते घुसलंच.

सुरतेला आल्यावर ह्यांनी ते काडतूस कागदात गुंडाळून डब्यात वेगळं ठेवलं. मी म्हटलं, ते बाद झालं ना, टाका. तर म्हणाले, फुटलं नाही म्हणजे मेलं असं नाही. आत दारू आहे. उष्णतेने, धक्क्याने कधीही उडू शकतं. आणि हिशेबात ते जिवंतच धरतात. बाकीचं मी ऐकलंच नाही. कधीही उडू शकतं, एवढंच ऐकलं. वैशाखातली सुरत, वर तापलेले पत्रे, आणि ट्रंकेपासून दोन हातांवर माझा स्टोव्ह. स्टोव्हला पंप मारताना माझी नजर पलंगाखाली जायची. मग धाकटीला ताप भरला. मोठीच्या पायावर भाताच्या पेजेचं भांडं सांडलं. एरवी ह्या गोष्टी घराघरांत होतात. पण मी त्या त्या काडतुसाला नेऊन जोडल्या.

तरी ते कचऱ्यात टाकणं मला जमणारं नव्हतं. दसऱ्याला आमच्याकडे बंदूक पाटावर मांडायची. डबा उघडून काडतुसांना हळदीकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. त्या काडतुसाच्या बुडावर माझ्याच बोटाने लावलेली हळद इतक्या पुसण्यानंतरही पिवळी दिसत होती. पूजा झालेली वस्तू आम्ही उकिरड्यावर टाकत नाही. फुटलेली तसबीर असो, झिजलेला टाक असो, ती तापीला द्यायची. तापी माझ्या माहेराकडूनच वाहत सुरतेला येते. तिच्याकडे दिलेली वस्तू म्हणजे घरच्या माणसाकडे दिली, असं आम्हा बायकांना वाटतं.

एका सोमवारी हे ड्यूटीवर गेल्यावर मी डबा उघडला. हिरव्या खणाच्या तुकड्यात आठवड्याचं निर्माल्य घेतलं, मधोमध ते काडतूस ठेवलं आणि वर दोन गाठी मारल्या. मी स्वतःच जाणार होते. पण डिंडोलीहून नदी लांब, आणि धाकटीचा ताप उतरत नव्हता. म्हणून मी ते बोचकं शेजारच्या खोलीतल्या माणसाच्या हातात दिलं.

तो परभणीकडचा होता. वय पंचविशीचं असेल. उधन्याला पॉवरलूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, काम करायचा. बायको गावी, इथे एकटा. ह्यांना साहेब म्हणायचा आणि मला वहिनी. खात्याच्या सुट्टीला, शुक्रवारी, सायकलवरून तापीवर आंघोळीला जायचा आणि जाताना अर्ध्या चाळीचं निर्माल्य न्यायचा. त्याला कुणी कधी विचारलं नाही की आत काय आहे. मीही सांगितलं नाही.

"शुक्रवारी सोडतो, वहिनी," म्हणाला आणि बोचकं दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवलं.

मंगळवारी ते तिथेच होतं. खण खाली ओढला गेला होता. फुलांनी कापड असं ओढलं जात नाही, हे मला दिसत होतं. बुधवारी सकाळीही होतं. बुधवारी संध्याकाळी खिळा मोकळा होता. मला वाटलं, सुट्टीची वाट न बघता गेला वाटतं नदीवर. मी देवापुढे दिवा लावला आणि पहिल्यांदाच निवांत जेवले.

त्याच संध्याकाळी पोलिसांची जीप चाळीसमोरून भोंगा वाजवत गेली. निवडणुका लागल्या होत्या. ज्यांच्याकडे लायसन्सची हत्यारं आहेत त्यांनी ती काडतुसांसकट ठाण्यात जमा करावीत. हा हुकूम दर निवडणुकीला निघायचा, त्यात नवल नव्हतं. पण त्या वर्षी नियम आवळले होते. प्रत्येक काडतूस पुस्तकाशी ताडून बघणार, फुटलेल्यांची खोकी मागणार, आणि परराज्यातल्या लायसन्सवाल्यांची तर जास्तच कसून तपासणी होणार. जमलं नाही तर लायसन्स स्थगित. ह्यांना त्याची चिंता नव्हती. उलट हे खूश होते. इतकी वर्षं रविवारी मोजलं, ते कुणीतरी एकदा मागणार होतं.

गुरुवारी सकाळी ह्यांनी वर्तमानपत्र पसरलं. वीस काडतुसं, चार रिकामी खोकी. मग कागदाची पुडी उचलली आणि ती हलकी लागली.

"पाचवं कोठे शे?"

मी दारातून बाहेर बघितलं. खिळा मोकळाच होता. म्हणजे वस्तू नदीत पोचली होती, माझ्या मते. फक्त सोडणारे हात माझे नव्हते. आणि खरं सांगितलं तर मी बिनलायसन्सच्या माणसाच्या हातात काडतूस दिलं होतं. देणारा आणि घेणारा दोघेही आत. एखाद्या अडाणी बाईने देवभोळेपणाने नदीत टाकलं, तर तो मूर्खपणा. मूर्खपणाला निदान तुरुंग नसेल, असा मी हिशेब केला.

"तापीमा सोडी दिन्हं," मी म्हटलं. "सोमवारले. मन्हा सोताना हातघाई."

ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. हे वर्तमानपत्रावर तसेच बसून राहिले, वीस काडतुसांच्या रांगेकडे बघत. मग उठले, कपडे घातले, आणि मलाही चल म्हणाले.

ठाण्यात एका जमादाराने काडतुसं दोनदा मोजली. "एक ओछुं छे," तो आतल्या साहेबाला म्हणाला. साहेबाने मला खुर्ची दिली. त्या खुर्चीची मला फार भीती वाटली. त्याने हिंदीत सगळं विचारलं. कोणत्या घाटावर? कोण बरोबर होतं? कुणी बघितलं? कापड कोणतं? मी घाट सांगितला, कापड सांगितलं, पाण्याला ओढ किती होती तेही सांगितलं. एकदा खोटं सुरू झालं की ते इतकं सुरेख येतं, हे मला त्या दिवशी कळलं. जमादाराने जबाब लिहिला आणि वाचून दाखवला, "मैंने अपने हाथ से नदी में छोड़ा." मी सही केली.

साहेबाने ह्यांच्याकडे बघितलं. हे सावधानमध्ये उभे होते, फौजेत उभे राहत तसे.

"साहेब, देव की चीज के बारे में मेरी घरवाली कभी झूठ नहीं बोलेगी," हे म्हणाले.

साहेब शांतपणे म्हणाला, चौकशी होईपर्यंत बंदूक इथेच राहील. आणि ते काडतूस उद्या कुणाच्या हातात सापडलं, कुठे वाजलं, तर मग प्रश्न लायसन्सचा राहणार नाही. हा जबाब खोटा ठरेल आणि तुम्ही दोघेही इथे याल. दोन मुली आहेत ना तुम्हाला, असंही त्याने विचारलं. धमकी वाटू नये इतक्या सहज विचारलं.

परत आल्यावर मी परभणीवाल्याची वाट बघत होते. तो भेटला शुक्रवारी संध्याकाळी, नळावर. मी हळूच विचारलं, "सोडलं का रे ते?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "सोडलं की, वहिनी," म्हणाला, आणि अर्धी भरलेली बादली उचलून चालू लागला. चाळीत अर्धी बादली कुणी नेत नाही. नळाला पाणी येतंच तासभर.

तिथून माझ्या मनात पाल चुकचुकली ती गेली नाही. कधी सोडलं? बुधवारी, की आज? सोडलं तर डोळ्याला डोळा का भिडवत नाही? त्या दिवसांत उधन्याच्या बाजूला देशी कट्टे निघतात, असं लोक बोलायचे. ह्यांनीच मला एकदा सांगितलं होतं की कट्टा कुणीही बनवतो, काडतूस मात्र बनवता येत नाही, ते कुठून तरी मिळवावं लागतं. म्हणजे माझं हळदीचं काडतूस आता एखाद्या नळीच्या शोधात गावभर हिंडत होतं, असं मला दिसायला लागलं. लग्नात फटाका वाजला तरी मी हातातलं काम टाकायची. फुटणार नाही ते, बाद आहे, असं स्वतःला सांगायची. लगेच ह्यांचं वाक्य आठवायचं, की फुटलं नाही म्हणजे मेलं असं नाही.

बंदूक ठाण्यात, म्हणून गोदामाच्या शेठने ह्यांना पुढच्या फाटकावरून काढून मागच्या दारावर काठी घेऊन उभं केलं. बंदूक परत आली तर बघू, नाहीतर दुसरा गनमॅन शोधतो, असं सांगितलं. हे काठी घेऊन जाताना मला बघवत नव्हतं. फौजेतला माणूस काठी कशी धरावी हेच विसरला होता. ती खांद्याला लावायचा.

महिन्याभराने ते घडलं. उधन्याच्या बाजूला पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, भांडण झालं आणि एका माणसाच्या खांद्यात कट्ट्यातून बार गेला. माणूस वाचला. पेपरात आलं, बारा बोअर, म्हणजे आमच्याच बंदुकीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ह्यांना घेऊन गेले. मी दोन्ही मुलींची दप्तरं भरून ठेवली, माझ्या भावाकडे पाठवायला. डब्यात भाकरीही बांधली. दुपारी चारला हे परत आले.

"आपलं नई शे ते," म्हणाले आणि पाणी मागितलं.

"कशावरून?"

"माले माहीत शे."

असे ठाम म्हणाले की माझं डोकंच फिरलं. ह्यांना काय माहीत? माहीत असायचं तर मला असायला हवं होतं, आणि मला काहीच माहीत नव्हतं! ह्यांच्या भोळेपणाचा मला इतका राग आला की मी ठरवलं, आता आपणच काहीतरी करायचं. मी चाळमालकाच्या बायकोकडे गेले. सांगितलं फार थोडं. शेजारचा तो परभणीचा, त्याच्याकडे कसली कसली माणसं येतात. मला दोन मुली आहेत. एवढंच. बाकीचं ती स्वतःच जोडत गेली, मी नुसती मान हलवली.

आठवड्यात त्याला खोली रिकामी करायला सांगितलं. निघाला त्या सकाळी त्याने सायकलला वळकटी बांधली, एक बादली अडकवली आणि आमच्या दाराशी आला. मी आत कणीक मळत होते. "वहिनी, येतो," म्हणाला. मी मळत राहिले. कणीक मळून झाली होती, तरी मळत राहिले. हे त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेले. खिडकीतून दिसलं, हे त्याच्या सायकलच्या सीटवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. मला वाटलं, माझा नवरा म्हणजे अगदीच साधा माणूस. कुणाला निरोप द्यावा, हेही त्याला कळत नाही.

निवडणूक झाली, चौकशी मिटली. माझा जबाब फायलीत लागला आणि लायसन्सच्या पुस्तकात एक शेरा पडला. बंदूक परत आली, हे पुढच्या फाटकावर गेले. त्या वर्षांत निवडणुका काही संपत नव्हत्या. दर वेळी हे वीस काडतुसं घेऊन ठाण्यात जायचे आणि वीस परत आणायचे. नवीन त्यांनी घेतली नाहीत. रविवारचं मोजणं बंद झालं. दसऱ्याला बंदूक पाटावर यायची, पण डबा उघडायचा नाही. आणि मी ट्रंकेला हात लावायचा नाही, खालून झाडायचंही नाही, हे स्वतः झाडायचे. मी समजले, माझ्यावरचा विश्वास गेला. बरोबरच होतं. पण माझी भीती त्याहून मोठी होती. कुठेही गोळीबाराची बातमी आली की मी बोअर कोणता ते बघायची. भाजी बांधून आलेल्या पेपरातसुद्धा बघायची. सहा वर्षं.

मग ह्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. पुरे झालं म्हणाले, बंदूक सरकारजमा करू. ठाण्यात लिहून द्यायचं होतं की आता घरात हत्यार नाही, काडतूस नाही. त्या सकाळी हे आंघोळीला गेले आणि मी विसरून, खरंच विसरून, ट्रंक ओढली. फौजेतल्या जुन्या वस्तू एकेक बाहेर काढल्या. लोकरी मोज्यांची एक जोडी होती. एका मोज्याच्या बोटांपाशी काहीतरी कडक लागलं.

हिरव्या खणाचा तुकडा. वर दोन गाठी. गाठींच्या फटीतून आत झेंडूच्या पाकळ्यांचा चुरा दिसला, आणि लाल काडतूस. बुडावर खळगा आणि माझी हळद.

मी स्टोव्हकडे बघितलं. दोन हातांवर. सहा वर्षं त्याच्यावर मी झोपले होते, मुली झोपल्या होत्या.

हे टॉवेल गुंडाळून आत आले आणि मला बघून पलंगावर बसले.

"त्यानी माले आनी दिन्हं," हे म्हणाले. "शुक्रवारले. गोदामना फाटकवर."

हळूहळू सगळं सांगितलं. बुधवारी बकरी बोचकं ओढत होती म्हणून त्याने ते खिळ्यावरून काढून खोलीत ठेवलं होतं. शुक्रवारी नदीवर, फुलं मोकळी करून सोडावीत म्हणून त्याने गाठी सोडल्या आणि काडतूस हातात आलं. घाबरला. पुन्हा तसंच बांधून, पाकळ्यासुद्धा आत घालून, सायकल मारत थेट ह्यांच्याकडे आला. साहेब, वहिनींच्या निर्माल्यात चुकून आलं असंल, म्हणाला. हे त्याला म्हणाले, वहिनींनी विचारलं तर सोडलं म्हणून सांग. त्या पोराला खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून त्याने बादली अर्धी नेली.

"मंग माले का नई सांगं?"

"तुन्हा जबाब व्हई जायेल व्हता. मी इचारतू ते तुले आखो खोटं बोलनं पडतं."

मला रडूही येईना. ते त्या दिवशी ठाण्यात जमा केलं असतं तर मी खोटी ठरले असते आणि तो पोरगाही आत गेला असता. घरात ठेवलं तर हे स्वतः गुन्हेगार. ज्या माणसाने लायसन्समध्ये लग्न लिहिलेलं नाही म्हणून मला दोन दिवस रुसायला लावलं, त्याने सहा वर्षं बेकायदा काडतूस मोज्यात ठेवलं होतं. नदीत का नाही टाकलंत, विचारलं. तर म्हणाले, पंचवीस लिहिलेली असताना काडतूस मुद्दाम हरवायला हात धजला नाही.

"आनि त्याले मी घरमाईन काढं, तवय? तवय तुम्ही गप का बसनात?"

ह्यांनी मोजे घडी करून ट्रंकेत ठेवले आणि म्हणाले, "मी बी भ्याई गऊ." फौजेतल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. मी त्यांच्यावर चिडले होते, आणि चिडायला मला तोंड नव्हतं.

ठाण्यात जायच्या आधी आम्ही रिक्षाने तापीवर गेलो, मी जबाबात सांगितला होता त्याच घाटावर. ह्यांनी काडतुसाला हात लावला नाही. पायरीवर मागे उभे राहिले. मी दोन्ही गाठी सोडवल्या, पाण्यात घोट्याइतकी उतरले, आणखी दोन पायऱ्या उतरले, आणि माझ्या हाताने ते सोडलं. पाण्याला ओढ होती. लाल रंग क्षणभर दिसला आणि गेला.

"आते तुन्हा जबाब खरा व्हयना," हे मागून म्हणाले. मग आम्ही ठाण्यात गेलो. ह्यांनी बंदूक दिली, वीस काडतुसं दिली आणि घरात काही नाही असं लिहून सही केली. सही रेघेच्या खाली गेली. मोतीबिंदूमुळे असेल, जमादार म्हणाला.

परभणीवाल्याचा पत्ता लागला नाही. हे त्याच्या खात्यावर दोनदा जाऊन आले. खातं दुसऱ्याच्या हातात गेलं होतं आणि तिथे त्याला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. तो खणाचा तुकडा मी नदीत सोडला नाही, तो माझ्याकडे आहे. त्याने मारलेल्या गाठी माझ्या गाठींपेक्षा घट्ट होत्या. त्या घाटावर सोडवताना माझी नखं दुखली होती.

येतो म्हणणाऱ्या माणसाला ये म्हणायचं असतं. आमच्याकडे शत्रूलाही म्हणतात. ते त्या सकाळी कणकेपाशी माझ्या तोंडून निघालं नव्हतं. घाटावर दुसरी गाठ सुटली तेव्हा मी हळूच म्हटलं, "ये रे भाऊ." ह्यांना वाटलं, मी तापीशी बोलते आहे.